आर. आर. आबांबद्दलच्या त्या मेसेजबाबत खुलासा
ग्रुपवर फिरतंय की आर. आर. पाटील एकही छोटी निवडणूक न लढवता 1990 ला थेट आमदार झाले आणि पाच वेळा निवडून आले. दोन्ही चूक. आबा 1979 पासून 1990 पर्यंत सांगली जिल्हा परिषदेत होते, सावळज गटातून, म्हणजे तासगावची आमदारकी मिळायच्या आधी अकरा वर्षं गावागावात फिरलेला माणूस, पुढं ग्रामविकास खात्यात ग्रामस्वच्छता अभियान सुचलं ते काय उगाच नाही. आणि टर्म सहा: 1990, 95, 99, 2004, 09, 14. आयोगाचे जुने निकाल ऑनलाइन आहेत, तासगाव (आता तासगाव-कवठेमहांकाळ) काढून बघा. भावना चांगली असेल, पण तो मेसेज पुढं पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.