नातीचा दुसरा वाढदिवस आणि रद्द केलेला हॉल

२५ जुलै २०२५, शुक्रवार. रात्री नऊच्या सुमारास माझ्या सुनेने ६२ माणसांना एकच निरोप पाठवला. "नमस्कार. बाळाला हँड-फूट-माउथ झाल्याचे आज डॉक्टरांनी सांगितले. हा आजार लहान मुलांना चटकन लागतो, म्हणून उद्याचा वाढदिवस आम्ही रद्द करत आहोत. गेल्या आठवड्यात जी मुले तिच्याबरोबर खेळली असतील, त्यांच्या आईवडिलांनी कृपया मुलांचे तळहात, तळपाय आणि तोंड आतून पाहावे." हा निरोप जाण्याआधी मी तिला थांबवण्याचा प्रयत्न केला होता आणि ते माझे चुकले होते. त्याविषयी मोकळेपणाने लिहिलेच पाहिजे असे मला वाटते, कारण त्या दिवशी मी जे बोलले तेच अनेक घरांतील वडीलधारी मंडळी बोलत असतात.

आमची नात २६ जुलै २०२३ ची. मुंबई-ठाण्याच्या माणसाला २६ जुलै म्हटले की २००५ सालचा तो महापुराचा दिवस आठवतो, त्यामुळे या तारखेचा कोणताही बेत आम्ही पाऊस गृहीत धरूनच करतो. हॉलसुद्धा त्याच हिशेबाने ठरवला होता. तो ठाणे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर होता आणि समोरच्या रस्त्यावर पाणी तुंबत नाही याची माझ्या मुलाने दोनदा जाऊन खात्री केली होती. विहीणबाई कोल्हापूरहून शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघणार होत्या. पावसाला तोंड द्यायची सगळी तयारी होती, पण ताप येईल हे कोणाच्या मनातही नव्हते.

गुरुवारी, २४ तारखेला, दिव्यांची अवस होती. सकाळी समया, निरांजने आणि सासूबाईंच्या वेळचा लामणदिवा चिंच लावून लख्ख घासले आणि संध्याकाळी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून दिवे वाफवले. नातीला हे गोड दिवे फार आवडतात; आदल्या दिवसापासून ती "आजी, दिवा दे" म्हणून मागे लागली होती. पूजा झाल्यावर मी एक दिवा कुस्करून, वर तूप घालून तिला भरवला. तिने घास तोंडात घेतला, क्षणभर तसाच धरला, मग तोंड उघडे ठेवून तो बाहेर पडू दिला आणि हुंदके देऊन रडू लागली. गरम असेल म्हणून मी उरलेला तुकडा माझ्या ओठाला लावून पाहिला, तर तो पूर्ण निवलेला होता. रात्री तिला १०१ ताप चढला. सकाळी पायमोजे घालताना सुनेला तिच्या तळपायांवर मसुरीच्या डाळीएवढे लाल ठिपके दिसले. तळहातांवरही तसेच दोन-तीन होते.

डॉक्टरांनी तोंडात विजेरीचा प्रकाश टाकून फोड पाहिले आणि लगेच निदान सांगितले. हा आजार विषाणूंमुळे होतो, बहुतेक वेळा कॉक्सॅकी ए-१६ नावाच्या विषाणूमुळे, आणि त्याचा सर्वाधिक त्रास पाच वर्षांखालील मुलांना होतो. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाशी त्याचा काहीही संबंध नाही, हे मी येथे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याच नात्यातील एकांनी फोनवर दूध बंद करण्याचा सल्ला दिला होता. यावर प्रतिजैविके चालत नाहीत. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचे आणि पोटात पातळ पदार्थ जात राहतील याकडे लक्ष ठेवायचे, कारण तोंड दुखते म्हणून मूल पाणीही नाकारते आणि खरा धोका अंगातील पाणी कमी होण्याचा असतो. सहा ते आठ तास लघवी झाली नाही तर थेट घेऊन या, असे त्यांनी बजावले. लंगोट बदलल्यावर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका, कारण या विषाणूंवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही, हेही त्यांनीच सांगितले. पुढे काही आठवड्यांनी काही मुलांची नखे सुटतात, तसे झाले तर घाबरून जाऊ नका, असे त्यांनी जाता जाता म्हटले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या उजव्या अंगठ्याचे नख खरोखरच सुटले आणि खालून नवे आलेले दिसले.

घरी आल्यावर मी सुनेला म्हणाले, "औषधाने ताप उतरतो आहे ना? मग अर्ध्या तासापुरते नेऊ, केक कापू, औक्षण करू आणि मी तिला घेऊन घरी येईन. तुम्ही दोघे पाहुण्यांचे बघा." ती शांतपणे म्हणाली, "आई, पंधरा लहान मुलं येणार आहेत. त्यातलं एक आठ महिन्यांचं आहे. ती सगळी हिचा गालगुच्चा घेणार, हिच्या हातातला फुगा ओढणार. आणि हिला स्वतःला तर थुंकी गिळतानासुद्धा दुखतंय." मी गप्प बसले. वयाची तीस वर्षे शाळेत शिकवण्यात घालवलेल्या बाईला हे सुनेकडून ऐकावे लागले, याचे मला वाईट वाटले. पण ती बोलली त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

आपल्याकडे आजार अंगावर काढण्याचे फार कौतुक आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर तसे करावे की नाही, हा वेगळा विषय. परंतु दोन वर्षांच्या मुलाला आजार अंगावर काढायला लावणे हे मला आता सर्वथा अयोग्य वाटते. औषधाचा अंमल चार-सहा तास असतो, तेवढ्या वेळात कार्यक्रम उरकून घ्यायचा आणि रात्री मूल पुन्हा तापले की कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायच्या, हे मी आजवर कित्येक घरांत पाहिले आहे. ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नाही आणि संसर्ग थांबला असे तर मुळीच नाही. ज्या मुलाचा वाढदिवस, त्याला त्या दिवशी अंधारी खोली, आईची कुशी आणि थंड पेज हवी असेल, तर त्याला तेच मिळाले पाहिजे. पाहुणे, केक आणि फोटो यांपैकी कशाचाही हक्क त्याच्याआधीचा नाही.

दुसरी गोष्ट खरे कारण सांगण्याची. मी म्हटले होते की रद्द करायचेच असेल तर "थोडी कणकण आहे" एवढेच कळवावे, आजाराचे नाव कशाला? सुनेने नाव लिहिले. तासाभरात तिघांची उत्तरे आली. एका आईने कळवले की तिच्या मुलाच्या तळहातावर सकाळपासून दोन फोड आहेत, ती ते डास चावल्याचे समजत होती आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन येणारच होती. दोन मुलांच्या घरून कळले की ती आमच्या नातीबरोबर त्याच पाळणाघरात असतात; त्यांच्या पालकांनी सोमवारपासून मुलांना घरीच ठेवले आणि त्यातल्या एकाला मंगळवारी ताप आला. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणजे त्या मधल्या काळात वरून ठणठणीत दिसणारे मूलही विषाणू घेऊन फिरत असू शकते. "थोडी कणकण" असे लिहिले असते तर यांपैकी कोणालाही सावध होता आले नसते.

हॉलच्या मालकांनी आगाऊ घेतलेले १५ हजार रुपये परत दिले नाहीत आणि तारीखही बदलून दिली नाही. नियमावर आमच्या सह्या होत्या, त्यामुळे मी भांडले नाही. परंतु जे लोक लहान मुलांच्या वाढदिवसांवरच व्यवसाय करतात, त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पाहून एकदा तरी तारीख पुढे ढकलून द्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. पैसे बुडतील या भीतीने आजारी मुले त्यांच्याच हॉलमध्ये आणली जातात आणि तिथल्या खेळण्यांवर, खुर्च्यांवर दुसऱ्या दिवशीची मुले हात ठेवतात. केक करून देणाऱ्या बाई लहानशा घरगुती ओट्यावर काम करतात; त्या म्हणाल्या, "काकू, बाळ बरं होऊ दे, केक कधीही करून देईन." आचाऱ्यांनी भाजी आधीच आणली होती, म्हणून त्यांना तीस माणसांची पावभाजी करून परस्पर शेजारच्या इमारतीच्या बांधकामावरील कुटुंबांना पोहोचवायला सांगितले. आमच्या घरातील कोणाचा हात त्या अन्नाला लागला नव्हता, म्हणूनच ते देता आले.

२६ तारखेचा शनिवार आम्ही तिला चमच्याचमच्याने शहाळ्याचे पाणी आणि निववलेली नाचणीची पेज पाजण्यात घालवला. विहीणबाई सकाळी भिजत पोहोचल्या आणि आल्याआल्या हात धुऊन नातीला मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळी मी निरांजन लावले, पण ज्योत जवळ येताच ती तोंड फिरवून रडू लागली, म्हणून डोक्यावर चार अक्षता टाकून तबक परत देवघरात ठेवले. दुपारी तीनपासून तिने लघवी केली नव्हती आणि आम्हा सर्वांचे लक्ष घड्याळाकडे होते. रात्री नऊला लंगोट ओला झाला, तेव्हा माझा मुलगा अक्षरशः देवासमोर जाऊन उभा राहिला.

रविवारी ताप गेला. सोमवारी विहीणबाईंनी पंचांग काढले आणि मला न सुचलेली गोष्ट त्यांनी दाखवली. नातीचा जन्म २०२३ च्या अधिक श्रावणातला, शुद्ध अष्टमीचा. अधिक मासात जन्मलेल्यांचा वाढदिवस तिथीने त्याच नावाच्या निज, म्हणजे नेहमीच्या, मासात करतात, आणि या वर्षी श्रावण शुद्ध अष्टमी १ ऑगस्टला, शुक्रवारी येत होती. म्हणजे नेमका जिवतीचा शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी, म्हणजे २५ तारखेला, जिवतीचा कागद लावताना माझे हात थरथरत होते. दुसऱ्या शुक्रवारी त्याच कागदासमोर पाट मांडता येणार होता.

गुरुवारी डॉक्टरांनी तिला तपासले आणि फोड वाळल्याचे सांगितले. विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतात, त्यामुळे बाहेरच्या एकाही मुलाला बोलावायचे नाही, हे सुनेने आधीच स्पष्ट केले होते आणि या वेळी मी तिच्या बाजूने होते. घरातली आम्ही पाच माणसे होतो. पाटाभोवती रांगोळी घातली, तबकात सुपारी आणि सोन्याची अंगठी ठेवली. माझ्या मुलीकडचा नातू दूर नाशिकला असतो, त्याच्यासाठी जिवतीसमोर चारी दिशांना अक्षता टाकल्या. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम या सात चिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण करून, तीळ आणि गूळ घातलेले दूध तिच्या ओंजळीत दिले; त्यातले निम्मे फ्रॉकवर सांडले. केकवाल्या बाईंनी पाठवलेला छोटा केक तिने बोटाने खरवडून पाहिला आणि बाजूला सारला.

जिवतीला आमच्याकडे पुरणाचे दिवे असतात. त्या दिवशी मी कणकेचेही पाच केले होते. एक कुस्करून, निववून, तूप घालून तिच्यासमोर धरला. आठ दिवसांपूर्वीचे आठवत असावे, कारण तिने आधी जिभेच्या टोकाने तुपाला स्पर्श केला, माझ्याकडे पाहिले, मग घास घेतला आणि गिळून टाकला. विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आजी, दिवा दे," ती म्हणाली, आणि मी दुसरा कुस्करायला घेतला.