गाडी घ्या हो कुणी, गाडी!

कर्जावर घेतलेली मोटार मुदतीआधी परत करावी असा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन; कारण असा विचार येण्यासाठी माणसाला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा लागतो, आणि आपण तो दोन वर्षे उशिरा का होईना, मांडलात. समजा, आपण 8 लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण 13,075 रुपये बसतो. चोवीस हप्त्यांत आपण सुमारे 3 लाख 14 हजार रुपये निमूटपणे भरले आणि मुद्दल कमी झाले ते फक्त 1 लाख 77 हजारांनी. म्हणजे अजून 6 लाख 23 हजार बाकी. दरम्यान हळदीचा भाव पडला असेल, कुपवाडच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली असेल, किंवा सांगली ते मिरज हे अंतर स्कूटरवरही तेवढेच असते हे आपल्या ध्यानात आले असेल. कारण कोणतेही असो, आपल्याला वाटते की गाडी बँकेकडे तारण आहे, तेव्हा बँकेला गाडी देऊन टाकावी आणि मोकळे व्हावे. या निरागसपणाला धक्का न लावता काही सूचना कराव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाखेत जाताना गाडी घेतली त्या दिवसाची आठवण बरोबर नेऊ नये. त्या दिवशी बँकेचा तरुण घरी आला होता, चहा नको म्हणत दोन कप प्यायला होता, आणि तीन महिन्यांचे पगारपत्रक पाहून पंधरा मिनिटांत आपली योग्यता त्याने मान्य केली होती. डीलरकडे चाकांखाली लिंबे ठेवली गेली, नारळ फुटला, आणि पुठ्ठ्याची परातीएवढी चावी हातात देऊन आपला सहकुटुंब फोटो काढण्यात आला. परत करताना त्या आकाराची चावी कोणी मागत नाही. खरी चावीसुद्धा कोणी मागत नाही. आपण ती काउंटरवर ठेवली, तर ती दोन बोटांनी आपल्याकडे परत सरकवली जाते. मी हे तीनदा करून पाहिले आहे. तिसऱ्या वेळी काचेपलीकडच्या बाईंनी ती पेनने सरकवली.

मग आपल्याला समजावून सांगण्यात येईल की गाडी आपलीच आहे. हे ऐकून भारावून जाऊ नये. एमएच 10 च्या आपल्या आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असला, तरी हायपोथिकेशनमध्ये गाडी कर्जदाराची आणि हक्क तेवढा बँकेचा, असा हा संसार असतो. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अशा करारातली गाडी ज्याच्या ताब्यात, तोच तिचा मालक. ताबा घेतला की मालकी आली, मालकीबरोबर विमा, पार्किंग आणि अपघाताची जबाबदारी आली, हे बँकेला आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याच कायद्याच्या कलम 51 मध्ये बँकेने गाडी ताब्यात घेतल्यास तिच्या नावाने नवे नोंदणीपत्र मिळण्याची सोय जरूर आहे, त्यासाठी नमुना 36 सुद्धा आहे. परंतु तिथे उल्लेख आहे तो थकबाकीचा, सद्भावनेचा नाही. ब्रिटनमध्ये 1974 च्या एका कायद्याने हप्तेबंदीच्या करारातली निम्मी रक्कम भरली की ग्राहक गाडी परत करून मोकळा होऊ शकतो, असे आपल्याला एखादा भाचा तिकडून फोनवर सांगेल. त्याचे ऐकून घ्यावे. ब्रिटिशांकडून सांगलीला मिळाले ते 1929 च्या पुलाला आयर्विन हे नाव. बाकी काही येताना वाटेतच राहिले असावे.

यानंतर आपण ‘फोरक्लोजर करा’ असा सल्ला ऐकाल, म्हणजे उरलेले सगळे पैसे एकदम भरून टाका. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याने 6 लाख 23 हजार भरावेत, त्यावर करारात लिहिले असेल तर पाच-एक टक्के शुल्क द्यावे, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी द्यावा, आणि मग एनओसी, म्हणजे बँकेचा ना-हरकत दाखला, व नमुना 35 घेऊन आरटीओत बोजा उतरवावा, हा मार्ग खरोखरच सोपा आहे. तो सुचवणाऱ्या माणसाचा आवाजही अतिशय मृदू असतो.

तरीही आपला हट्ट कायम असेल, तर पत्र द्यावे. अमुक तारखेपासून गाडी अमुक पत्त्यावर उभी आहे, दोन्ही चाव्या, आरसी व विम्याची प्रत तयार आहे, आपण कधीही येऊन न्यावी, असे स्वच्छ लिहावे. सोबत किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो जोडावा. पोच मागितल्यावर शिक्का नेमका पुण्याला गेलेला असतो. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवावे व पावती जपून ठेवावी, कारण तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि उत्तर न येण्याच्या बाबतीत आपली बँक निराश करणार नाही. फोनही करून पाहावा. वसुलीचे फोन सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले आहे. आपण उलट फोन केल्यास मधल्या अकरा तासांतही तो उचलला जात नाही, यावरून शिस्त किती मुरली आहे ते दिसते.

आणि समजा, बँकेने गाडी घेतलीच, तर सुटलो असे समजू नये. ती यार्डात उभी राहील, लिलावात साडेचार लाखांना जाईल, आणि राहिलेले पावणेदोन लाख, अधिक ओढण्याचा, ठेवण्याचा व विकण्याचा खर्च, आपल्याकडेच मागितला जाईल. आपण सापडला नाहीत तर जामीनदार मेहुणा आहेच. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी आपल्याएवढीच असते, हे त्याला सही करताना कोणी सांगितले नव्हते. दिवाळीला कळेल. विनाअट ताबा आजवर एकट्या कृष्णामाईने घेतला आहे: 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा तिने कित्येकांच्या गाड्या एकही नमुना न भरता नेल्या. हप्ते अर्थात चालू राहिले.

अनुभवी लोक म्हणतात की गाडी देऊ केली तर कोणी घेत नाही; ती लपवावी लागते. तीन हप्ते थकवून ती तासगावात कुणाच्या बेदाणा शेडमागे ताडपत्रीखाली ठेवली, तर लोक न बोलावता येतात म्हणे. हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण त्यात आपली पत मोजणारा सिबिल स्कोअर जातो आणि बेदाण्याला धूळ लागते.

त्यामुळे गाडी दारातच उभी ठेवावी, तृतीय पक्ष विमा संपू देऊ नये, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या की सुस्कारा टाकून बॉनेट बंद करावे. बॉनेटचा पत्रा दुपारी चांगला तापतो. आमच्या आईने चैत्रात त्यावर कुरडया घातल्या, त्या गच्चीपेक्षा एक दिवस आधी वाळल्या. त्याच आठवड्यात माझ्या चौथ्या पत्रानंतर बँकेचा एक तरुण खरोखर आला. मी धावत जाऊन दोन्ही चाव्या पुढे केल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ‘गाडी जागेवर आहे’ एवढे नोंदवायचे होते, म्हणून बॉनेटवरचे प्लास्टिक थोडे बाजूला घ्यायला सांगून त्याने नंबरप्लेटसह फोटो काढला. नंतर प्लास्टिक परत नीट पसरायला त्याने आईला मदत केली, एक अर्धी वाळलेली कुरडई तोंडात टाकली, आणि हप्ता पाच तारखेला, अशी आठवण करून देऊन तो गेला.