बंदरावर सापडलेला नारळ पुरावा नव्हे

उन्हाळा आला की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. गोषवारा असा: सड्याखाली, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराखाली, पऱ्ह्या (पावसाळी ओढा) जिथे गडप होतो ते विवर म्हणजे शिवकालीन भुयार. ते कित्येक किलोमीटर जाऊन थेट बंदरावर निघतं, कारण आत सोडलेला नारळ तिथे सापडला होता. पहिल्या पावसानंतर गेलात तर खरी मजा. गावातला कुणीही पोरगा शे-दोनशे रुपयांत आत नेतो. मोबाईलची टॉर्च पुरते, मेणबत्ती जळतेय तोवर हवा चांगली, आणि नकाशा मोबाईलवरच निघतो. यातले दोन सल्ले तर सरळ जिवावर बेतणारे आहेत.

आधी भुयार. माणसाने कोरलेला दगड कसा दिसतो ते पाहायचं तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. सड्याखालच्या विवरात तशी आखणी नसते, कारण ते पाण्याचं काम आहे. वर जांभ्याचं कठीण कवच, खाली मऊ जांभा, त्याखाली चिकणमाती आणि तळाला बेसाल्टचा काळा दगड. जांभ्यातून मुरलेलं पाणी मातीपाशी अडतं, आडवं वाहू लागतं आणि माती धुऊन नेतं. कवच तेवढं छत म्हणून उरतं. चुनखडी विरघळते तसा जांभा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे मेघालयातल्या क्रेम लियात प्राहसारखी ३० किलोमीटरच्या वर पसरलेली गुहा इथे शोधू नये. इथली विवरं बुटकी, पसरट, आणि पुढे पुढे निमुळती होत जाणारी.

मग पाणी जातं कुठे? बहुतेकदा बंदरावर नाहीच. मातीचा थर डोंगरउतारावर जिथे उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. पोफळीच्या बागेला पाट येतो तो अशाच झऱ्याचा. नारळ तरंगतो, म्हणून छत पाण्यात बुडालेल्या पहिल्याच जागी तो अडकणार. शिवाय कोकणातल्या बंदरावर नारळ सापडणं म्हणजे पुरावा असेल तर मग काय बोलायचं! ताळा बादलीने घ्यावा. १० लिटरची बादली ८ सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला सव्वा लिटर. पाणी शिरतं तिथे आणि झऱ्यावर एकाच दिवशी मोजायचं. आकडे जुळले म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण पुढे फ्लुरोसीन, म्हणजे पाण्याचा माग काढायचा रंग, सोडून बघण्यात अर्थ आहे की नाही ते कळतं. रंग सोडायचा तर त्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या वाडीला आधी सांगून.

पहिल्या पावसानंतर जा, हा सल्ला सगळ्यात वाईट. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उघड्या सड्यावर माती नावापुरती, म्हणून पाणी झटकन विवराकडे धावतं. पाऊस सड्याच्या दुसऱ्या टोकाला पडतो आणि विवराच्या तोंडाशी लख्ख ऊन असतं, असंही होतं. आत शिरताना छत बघा. पाचोळा, काटक्या, गवताच्या काड्या छताला चिकटल्या असतील तर ती जागा छतापर्यंत भरते, हे पाण्यानेच लिहून ठेवलंय. फेब्रुवारी ते एप्रिल हा बरा काळ. मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही. आत असताना पाणी गढूळलं, पानं वाहून येऊ लागली किंवा आवाज बदलला की साहित्य गोळा करत न बसता बाहेर.

मेणबत्तीची ज्योत प्राणवायू कमी झाला की विझते. कार्बन डायऑक्साइड वाढला तरी प्राणवायू पुरेसा असेल तर ती जळत राहू शकते, आणि माणसाला त्याआधीच त्रास सुरू होतो. कुजका पाचोळा साठलेल्या, वारा न फिरणाऱ्या टोकाला धाप लागली, डोकं दुखू लागलं तर ज्योतीकडे न बघता मागे फिरावं. टॉर्चबद्दल थोडक्यात: हेल्मेटवर एक, खिशात दोन, तिन्हींचे सेल वेगळे. मोबाईल हात अडवतो. अंगावर जखम असेल तर लेप्टोमुळे (जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापामुळे) त्या पाण्यात उतरू नये, आणि तोंडापाशी दगडाखाली हात घालण्याआधी फुरसं हा विषारी साप आठवावा.

‘कुणीही पोरगा’ चालत नाही. कामाचा माणूस तो, ज्याची गुरं त्या सड्यावर चरली आहेत. पऱ्ह्या कधी आटतो, कुठल्या भोकातून वारा येतो, मागच्या पावसात कुठे खचलं, हे त्याला ठाऊक असतं. विवर देवराईत असेल तर आधी मानकऱ्यांना विचारायचं. गाऱ्हाणं घालू (देवाला साकडं घालू) म्हणाले तर थांबायचं, फोटो नको म्हणाले तर काढायचा नाही. वनखात्याची जमीन असेल तर परवानगी वेगळी. मजुरी आधी ठरवावी. एक जाणता माणूस बाहेरच ठेवावा आणि किती वाजेपर्यंत वाट बघून कुणाला फोन करायचा, ते त्याच्याकडे लिहून द्यावं.

आता नकाशा. दगडाखाली जीपीएस चालत नाही. ते फक्त तोंडाची जागा टिपायला, तेही झाडाखाली नव्हे, उघड्यावर. आत फीत किंवा अंतर मोजायचं लेझर, होकायंत्र आणि उतारमापक. एका खुणेवरून पुढची दिसेल अशा खुणा निवडायच्या आणि प्रत्येक टप्प्याचे तीन आकडे घ्यायचे: अंतर, दिशा, उतार. शिवाय प्रत्येक खुणेपाशी डावी-उजवी भिंत, छत आणि तळ किती लांब ते. फीत १२.४० मीटर आणि उतार ६ अंश असेल तर आडवं अंतर १२.३३, उतरण १.३० मीटर. दिशा पुढून आणि उलट मागूनही वाचायची. दोन्हींत १८० अंशांचा फरक हवा. २ अंशांहून जास्त चूक आली तर टप्पा पुन्हा. होकायंत्राची सुई बहुधा हेल्मेटच्या दिव्याने किंवा खिशातल्या मोबाईलने हलते, कधी दगडातल्या लोहानेही. लेझरचा ठिपका भिंतीवरच पडलाय ना, हे बघावं, कारण पाण्यावर पडला तर भलताच आकडा येतो. वही पेन्सिलीने लिहायची, शाई फुटते. रेखाटन जागेवरच, १:२०० प्रमाणात, म्हणजे १ सेंटिमीटरला २ मीटर; घरी आठवून काढलेलं धरायचं नाही. आकड्यांवरून नकाशा जुळवायचं पुढचं काम सर्व्हेक्स किंवा थेरिऑन या मोफत संगणक प्रणाली करतात. पोटावर सरकत कापलेलं अंतर खऱ्यापेक्षा खूप मोठं वाटतं, मेसेजमधले किलोमीटर बहुधा तिथूनच येतात.

जागांची नावं गावात म्हणतात तशीच नकाशावर घालावीत, आणि वाटाड्याचं नाव त्याची हरकत नसेल तर. एक छापील प्रत ग्रामपंचायतीला. तोंडाची अचूक जागा ग्रुपवर टाकू नये. छताला वटवाघळांची पिल्लं लटकलेली दिसली, तर त्या दिवसाची मोजणी तिथेच थांबवावी.