नुसत्या ढगाळ हवेला दोष नको

मी वाचलेल्या लेखात उसावरच्या लोकरी माव्याचं (पानातला रस शोषणारी कीड) सगळं खापर ढगाळ, दमट हवेवर फोडलंय. हवा त्याला मानवते हे खरं, पण गोष्ट अर्धीच सांगितली.

२००२ साली सांगलीकडं मावा दिसला आणि पुढं आमच्या माळशिरस भागातही आला. पानाखाली पिंजलेला कापूस, वर चिकट्यावर (माव्यानं टाकलेला गोड चिकट रस) काळी बुरशी; उसात शिरलं की सदरा पांढरा. घाबरून मी दोनदा फवारलं. पंधरा दिवसांत मावा परत हजर! चुलत्यांकडं औषधाला पैसे नव्हते (तेव्हा हसलो होतो), पण त्यांच्याच उसात डिफा पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक टिकले नि त्यांनी मावा फस्त केला. माझे मित्रकीटक औषधानं आधीच मेले होते.

माव्याची मादी नराशिवायच पिलं घालते, म्हणून हवा जमली की तो झपाट्यानं वाढतो. खाणारे मागाहून येतात. मधल्या दिवसांत पंप खाली ठेवायचा, एवढंच अवघड.

सध्या सांगोल्यात मेव्हण्यांच्या डाळिंबात पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी दुसरी कीड, आहे. तो खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडणार म्हणतात. दाजी, आधी खोडावरच्या मुंग्या आवरा, त्या चिकट्यासाठी ढेकणाची राखण करतात!