डबक्यातलं पाणी कुठे गेलं?

गेल्या आठवड्यात बालवाडी सुटल्यावर एक आई थांबल्या. हातात लेकीची वही होती. एकेक पान उलटून दाखवत म्हणाल्या, "ताई, दोन महिने झाले, वही कोरीच आहे हो. शेजारच्या मुलाची सगळी एबीसीडी लिहून झाली, पन्नासपर्यंत आकडे झाले. आमची घरी येऊन सांगते, आज आम्ही पाणी बघितलं. काल विचारलं तरी तेच. रोज पाणीच बघता का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मुलीची फी भरता यावी म्हणून त्यांनी पोळ्यांची दोन जास्तीची कामं धरली आहेत. अशा बाईला दारात उभ्या उभ्या दोन वाक्यं ऐकवून वाटेला लावणं मला बरं वाटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्यांच्यासाठी, आणि हाच प्रश्न मनात असून विचारायला संकोचणाऱ्या बाकीच्या पालकांसाठीही.

हो, आम्ही आठ दिवस पाणीच बघत होतो.

परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती. आमच्या अंगणातली कोपऱ्यातली शहाबादी फरशी खचलेली आहे, तिथे डबकं साचलं. मुलांनी त्यात मनसोक्त उड्या मारल्या. मग हातपाय धुऊन डबे खाल्ले. ऊन चांगलंच तापलं होतं. परत बाहेर आलो तेव्हा डबकं आकसलेलं. चार वर्षांची एक मुलगी तिथे उकिडवी बसली आणि म्हणाली, "ताई, पाणी कुठे गेलं?"

मी एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवते आहे. पहिली कित्येक वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असायचं, "उन्हानं वाळलं. चला, रांग करा बघू." उत्तर बरोबरच होतं. पण ते ऐकलं की मूल उठून रांगेत उभं राहायचं आणि प्रश्न तिथेच संपायचा. मुलाला गप्प करायला रागवावंच लागतं असं नाही, बरोबर उत्तर पटकन दिलं तरी ते गप्प होतं, हे कळायला मला फार उशीर लागला. त्या सगळ्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं.

या वेळी मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "खरंच गं, मघाशी तर इथपर्यंत होतं. तुला काय वाटतं?"

पाच मिनिटांत भोवती घोळका जमला. एकाचं म्हणणं, कावळ्यानं प्यायलं. सकाळी त्यानं कावळ्याला तिथे चोच बुडवताना पाहिलं होतं. दुसरीचं म्हणणं, फरशीनं प्यायलं. तिसरा म्हणाला, पाणी त्याच्या स्वतःच्या घरी गेलं. आणि एरवी वर्गात अवाक्षर न बोलणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "खाली गेलं. आमच्या बोअरमध्ये." मी चारही म्हणणी फळ्यावर लिहिली. प्रत्येकापुढे ज्यानं त्यानं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून त्याच खळग्यात बादलीभर पाणी ओतलं आणि पाण्याच्या कडेनं खडूनं रेघ ओढली. थोड्या थोड्या वेळानं जाऊन नवी रेघ. दुपारपर्यंत एकात एक चार कडी झाली. कावळेवाला काठावर राखण करत बसला होता. शेवटी तोच म्हणाला, "कावळा आलाच नाही. तरी कमी झालं."

मग राहिली फरशी. मी विचारलं, फरशीला पाणी पिऊ द्यायचं नसेल तर काय करायचं? बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अजून जड जातं, जीभ सारखी वळवळते. पण थांबले. आणि ती पहिलीच मुलगी म्हणाली, "ताटलीत ठेवू या. ताटलीला तोंड नसतं."

स्टीलच्या दोन ताटल्यांत एकेक वाटी पाणी घातलं. एक उन्हात ठेवली, एक वर्गात कपाटावर. उन्हातली दुपारपर्यंत जवळजवळ कोरडी झाली, कपाटावरची बरीचशी तशीच होती. चौथ्या दिवशी उन्हातली ताटली कुणाच्या तरी पायानं उलटली, त्यावरून रडारड झाली, तो दिवस तसाच गेला. काही मुलांना या सगळ्यात रस नव्हता. ती वाळूत खेळत होती, त्यांना मी ओढून आणलं नाही.

पाचव्या दिवशी "पाणी घरी गेलं" म्हणणाऱ्या मुलानंच सुचवलं, की झाकण लावलं तर ते जाऊ शकणार नाही. पारदर्शक झाकणाच्या एका डब्यात थोडं पाणी घालून तो उन्हात ठेवला. थोड्या वेळानं झाकणाला आतून थेंबच थेंब. मुलं अक्षरशः ओरडली. बोटं फिरवून बघितली, चाटून बघितली. आणि बोअरवाला, तोच न बोलणारा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खाली नाही जात. वर जातंय."

साडेचार वर्षांच्या मुलानं स्वतःचं म्हणणं स्वतः पाहून बदललं. कुणी त्याला चूक म्हटलं नव्हतं. खरं तर तो पूर्ण चूक नव्हताही, खळग्यातलं थोडं पाणी फटींमधून जमिनीत मुरतच असणार. ते आम्ही पुढे कधीतरी मातीच्या कुंडीत बघू. बाष्पीभवन हा शब्द मी या आठ दिवसांत एकदाही उच्चारला नाही. मोठेपणी पुस्तकात तो शब्द भेटेल, तेव्हा त्यात भरायला यांच्याकडे झाकणावरचे थेंब असतील.

आता वहीबद्दल. खडूनं डबक्याभोवती गोल कडी काढताना मनगट जसं वळतं, तसंच ते पुढे अ, ट, ठ काढताना वळायला हवं असतं. साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरून तासभर गिरवायला तयारच नसतात. ती आधी मळून, पिळून, ओतून, उचलून तयार व्हावी लागतात. कडी मोजताना मुलं चारपर्यंत मोजत होती, आणि ते चार म्हणजे डोळ्यांपुढची चार कडी होती, नुसती म्हटलेली ओळ नव्हती. फळ्यावरचं आपलं वाक्य कुठलं, हे प्रत्येक जण बोट ठेवून दाखवायचा. बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं उद्याही तेच बोलतं, वाचनाची सुरुवात इथून होते. तेव्हा ताई, तुमची लेक मागे पडत नाहीये. पण मला आणखी एक म्हणायचं आहे. यातून अक्षरं-आकडे काहीही साधलं नसतं, तरी तिचा तो प्रश्न आठ दिवस जपण्याच्या लायकीचा होता.

बालवाडीत दिवसभर सगळ्यांत जास्त प्रश्न कोण विचारतं, हे एकदा मी सहज मोजलं होतं. मीच विचारत होते. "हा कुठला रंग?" "हत्तीला पाय किती?" म्हणजे उत्तर मला आधीच माहीत असलेले प्रश्न. मुलांना ते बरोबर कळतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत अंदाजानं उत्तर देतात. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं असतं असा प्रश्न वर्गात बहुतेक वेळा मूलच विचारतं, आणि नेमका तोच आम्ही "नंतर सांगते हं" म्हणून बाजूला ठेवतो.

अलीकडे महागड्या प्रीस्कूलच्या पत्रकांवर "जिज्ञासेतून शिक्षण" असं छापलेलं असतं. आत गेलं की भिंतीवर वीस कागदी छत्र्या, वीसच्या वीस सारख्या, बाईंनी कापलेल्या, मुलांनी फक्त ठिपके दिलेल्या. यलो डे, ग्रीन डे, आणि रात्री अकरा वाजता आईनं पुरा केलेला प्रोजेक्ट. यात मुलाचा प्रश्न कुठे आहे? हे लिहिताना मला त्रास होतो, कारण तिथल्या शिक्षिकाही मनापासून राबतात. पण हे काम पैशानं होत नाही, आणि हे आपल्या महाराष्ट्रात फार आधी सिद्ध झालं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजच्या पालघर जिल्ह्यातला हा वारली पाड्यांचा भाग. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींचं शिकवण्याचं साहित्य सुंदर होतं, पण महाग. ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू हेच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं आहे. 1975 मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, आणि आज गावोगावच्या तिच्या केंद्रांना आपण त्याच नावानं ओळखतो. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा चालवली. जे मूल दिवसभर गुरांमागे रानात असतं, त्याच्याकडे प्रश्नांचा तुटवडा कसा असेल? त्याला ते विचारू देणारं मोठं माणूस हवं होतं, ते या दोघींनी दिलं. आमच्या अंगणवाडीच्या ताई आजही हे करू शकतात. पण त्यांच्यामागे पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदी आणि मोबाईलवर भरायची माहिती एवढं लावून दिलं आहे, की डबक्यापाशी उकिडवं बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? याचा मला खरंच राग येतो.

कागदावर आता सगळं आपल्या बाजूनं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 हा वयोगट पायाभूत स्तर मानला. 2022 मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात 3 ते 6 वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नसावं असं म्हटलं आहे. खेळ, गप्पा, गोष्टी, वस्तू हाताळणं यांवर भर आहे. तरी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मुलाला "नाव लिहून दाखव" म्हणणाऱ्या शाळा आहेतच, आणि पालकांची भीती तिथून येते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या शिशूत वर्षाच्या शेवटी आमची मुलंही नाव लिहायला लागतात. फक्त हात तयार झाल्यावर.

एक सांगायला हवं, प्रत्येक प्रश्न असा उलट मुलाकडे द्यायचा नसतो. मागे अंगणात मेलेली चिमणी सापडली. एका मुलानं विचारलं, "ही परत उठेल का?" त्याचे आजोबा नुकतेच गेले होते. तिथे "तुला काय वाटतं?" म्हणणं निर्दयपणा झाला असता. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, नाही रे राजा, नाही उठणार. कुठला प्रश्न शोधायचा आणि कुठला कुशीत घ्यायचा, हे त्या मुलाला ओळखल्याशिवाय कळत नाही, आणि ओळखायचं तर एका ताईकडे चाळीस मुलं असून चालत नाही.

घरी काय करायचं, असं त्या आईंनी जाताना विचारलं. मी म्हटलं, काही वेगळं नको. कणीक मळताना तिला पाणी घालू द्या, पोळी का फुगते असं तिनं विचारलं तर म्हणा, बघू या बरं, आणि एक फुगलेली पोळी तिच्यासमोर उघडा. त्यातून वाफ येताना ती बघेल. कदाचित तिला झाकण आठवेल, कदाचित नाही आठवणार.

ता.क. सोमवारपासून आम्ही बुडणं-तरंगणं बघणार आहोत. परवा टबात एक छोटा खडा बुडाला आणि एवढा मोठा लाल भोपळा तरंगला, तेव्हापासून वर्गात वाद पेटला आहे. घरी न लागणारी चाळणी, प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं, जुने चमचे, करवंटी, चिंचोके असं काही असेल तर मुलांबरोबर पाठवा. मोठा टब कुणाकडे जास्तीचा असेल तर तोही हवा आहे, आमचा तळाशी गळतो. ते पाणी कुठे जातं, याचा शोध मुलांनी आधीच सुरू केला आहे.