माकडहाड म्हणजे ते नव्हे ओ

गेल्या मंगळवारपासून आमच्या गल्लीत मला मूळव्याध आहे. म्हणजे मला नाहीये. गल्लीत आहे.

झालं एवढंच की बेळगावचा पाऊस, मागच्या दाराची पायरी, पायरीवर शेवाळ आणि माझ्या हातात दुधाचं पातेलं. पातेलं वाचवलं. सोडलं असतं तर अर्धा लिटर दूध गेलं असतं, बाकी काही नाही, हे आता कळतंय. मी दाणकन खाली बसलो आणि सगळा भार ज्या जागी आला त्या जागेचं नाव सांगता सांगता पुढचा सगळा घोळ झाला.

दवाखान्याचं नाव घेत नाही. हाडांचा दवाखाना, पण एक्स-रे वरच्या मजल्यावर, लिफ्टला कागद चिकटवलेला, आणि बसायला त्या भोकाभोकाच्या स्टीलच्या खुर्च्या. या खुर्च्या ज्यानं पास केल्या त्याला एकदा आमच्या पायरीवर न्यायला पाहिजे, दुधाचं पातेलं देऊन. फॉर्म वर कन्नडमध्ये, खाली इंग्लिशमध्ये. आता मला दुखत होतं मराठीत, ते कुठं लिहू? सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, माझं दुखणं मंगळवारपासून, डॉक्टर म्हणतात माझं दीड-दोन महिन्यांत जाईल, तेवढाच काय तो माझा नंबर पुढं.

तिथं माणसाला नाव नसतं हे मला माहीत नव्हतं. एक पोरगा दार उघडून हाडांची नावं घेऊन ओरडतो. "शोल्डर राइट!" म्हटलं की एक आजी उठल्या. "बोथ नीज!" म्हटलं की एक जाडे गृहस्थ दोघांच्या आधारानं निघाले. मग तो ओरडला, "अँकल लेफ्ट!" तर तीन काका उठले, आणि त्यातले एक म्हणाले, मी नाही ओ लेफ्ट झालो, मी हितंच हाय.

माझ्या शेजारी बैलहोंगलकडचे एक अज्जा होते. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर नातू, नातवाच्या मनगटाला कच्चं प्लॅस्टर. मी खुर्चीवर एका कुल्ल्यावर बसलेलो, दर दोन मिनिटांनी कूस बदलत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एन आगेत्री?" म्हणजे काय झालंय.

आता मला गप्प बसता आलं असतं. पण समोर बोर्ड होता, ‘मूळे मत्तु कीलु विभाग’, हाडं आणि सांधे विभाग, एवढं कन्नड मला वाचता येतं, आणि पन्नाशी गाठली तरी माणसाला थोडं दाखवायचं असतंच. मी म्हटलं, "बिद्देन्री. बालद मूळे नोवु." म्हणजे पडलो, शेपटीचं हाड दुखतंय.

अज्जा एकदम गंभीर झाले. मग माझ्या सोयीसाठी मराठीत आले, आणि मोठ्यानं आले. परक्या भाषेत बोलताना माणूस आवाज का वाढवतो कुणास ठाऊक.

"मूळव्याध! अय्यो शिवने! किती वर्सं झाली?"

"मूळव्याध नव्हे ओ. मूळे. हाड, हाड."

"हाडाला आम्ही येलबु म्हणतो. मूळे कोण म्हणतंय?"

"बोर्डावर लिहिलंय की."

"बोर्डावर थुंकू नका पण लिहिलंय," ते म्हणाले, आणि दोघांनीही कोपऱ्यात बघितलं. मुद्दा बरोबर होता. आमच्याकडं कन्नड बोलणारे बहुतेक येलबुच म्हणतात, मूळे हे पुस्तकातलं, आणि पुस्तकातली कन्नड वापरून मी स्वतःच खड्ड्यात गेलो. पण अज्जा आता थांबणार नव्हते. सुरण खावा. रोज ताक. मिरची बंद, मटण बंद. बसताना बुडाखाली उशी घ्या. आपल्या भावाला असंच होतं, त्यानं अकरा वर्सं कुणाला सांगितलं नाही, लाजला, मग काय झालं? काय झालं ते त्यांनी सांगितलं. सविस्तर. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं डब्याचं झाकण लावून टाकलं.

मी म्हटलं आता शुद्ध मराठीत सांगून टाकू. "अज्जा, माकडहाड. माकडहाडाला लागलंय."

"माकड?" नातू जागा झाला. "अज्जा, माकड?"

"कुठं कडलं माकड?" अज्जा म्हणाले. "किल्ल्यात? लई माजल्यात तिथली. इंजेक्शन घेतलासा का? चौदा असतात बेंबीत."

"चावलं नाही ओ. आणि चौदाची पद्धत कधीच गेली, आता दंडात देतात." हे मी का सांगत बसलो? पण एकदा माणूस बरोबर ठरायच्या नादाला लागला की सुटत नाही.

"म्हंजे चावलंय तर खरं," अज्जा म्हणाले, आणि सगळ्या रांगेला गोळाबेरीज सांगून टाकली, "साहेबांना आधीच मूळव्याध, आणि माकड पण तिथंच कडलंय बघा." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जीभ चुकचुकली. खरी सहानुभूती होती ती, तेच जास्त झोंबलं.

शेवटी मी उठलो, भर लॉबीत वळलो, आणि शर्ट वर करून कमरेच्या खाली जिथं संपतं तिथं बोट लावून म्हटलं, हे. हे हाड. बोट लावल्यावर मला दिसलं की डब्याचं झाकण लावणाऱ्या बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या काकू आहेत. काकूंनी नमस्कार केला. मी एका हातानं केला, दुसरा तिथंच होता.

तेवढ्यात दार उघडलं. "कॉक्सिक्स कोण?"

"जावा जावा, साहेब," अज्जा म्हणाले, "तुमचं नाव आलं."

रात्री पालथं पडून मी मोबाईलवर हे सगळं वाचलं, दुसरं काही करता येत नव्हतं. तर कॉक्सिक्स म्हणजे ग्रीक भाषेत कोकिळेच्या जातीतला पक्षी, कुक्कू. हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा म्हणून. बघायला जावं तर तीन ते पाच छोटे मणके, बहुतेकांत चार, एकमेकांना चिकटून झालेलं ते बोटभर हाड, शेपटी गेली आणि हे राहिलं. त्याच्या लगेच वर जे हाड आहे, सेक्रम, पाच मणक्यांचं, त्याचं लॅटिन नाव पवित्र हाड असं आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर देव, खालच्या मजल्यावर माकड, आणि मी पडलो तो बरोबर खालच्यावर. बाकीच्यांची नावं बघा की. मानेचा पहिला मणका अॅटलस, आभाळ खांद्यावर पेलणारा तो ग्रीक देव. गळ्याजवळचं क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. नडगीचं टिबिया म्हणजे बासरी. कानातलं सगळ्यात लहान हाड, तीनेक मिलिमीटरचं, त्यालासुद्धा रिकीब म्हणतात, घोडेस्वारीचा थाट आहे त्याला. नडगी मोडली तर सांगता येतं, बासरी मोडली. मी काय सांगू? मराठीत माकड, ग्रीकमध्ये कुक्कू, कन्नडमध्ये शेपूट. मराठी पुस्तकात बघितलं तर अनुत्रिक असा शब्द मिळाला. चांगला आहे, भारदस्त आहे, पण रिक्षावाल्याला सांगायचं झालं, जरा सावकाश घ्या, अनुत्रिक दुखतंय, तर तो म्हणेल ते कुठल्या गल्लीत आलं?

बरं, चरकांनी हाडं ३६० मोजली, सुश्रुतांनी ३००, आताचे डॉक्टर मोठ्या माणसाला २०६ म्हणतात. जन्मताना साधारण २७० असतात, मग काही एकमेकांना चिकटतात. त्या २०६ मधली १०६ हाताच्या आणि पायाच्या पंजांत आहेत. निम्म्याहून जास्त! एवढी १०६ समोर मांडलेली असताना, प्लॅस्टर घालून मिरवता येतील अशी, लोक त्यावर सह्या करतील अशी, मी नेमकं ते निवडलं ज्याला प्लॅस्टर घालताच येत नाही.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. मला दोन मिनिटं दिली, एक्स-रे दिव्यासमोर धरला, म्हणाले बारीक क्रॅक आहे, मधे भोक असलेली उशी घ्या, कडक जागी बसू नका. मी म्हटलं तुमच्या बाहेरच्या खुर्च्या कडक आहेत. ते म्हणाले, हो ना. आणि बेल मारली. एक्स-रेचे पैसे वेगळे, बघण्याचे वेगळे, फाईलचे पन्नास वेगळे, आणि फाईलवर नावाच्या जागी कुणीतरी कॉक्सिक्स लिहिलं होतं ते खोडून माझं नाव लिहिलेलं.

उशी मेडिकलमध्ये मिळाली. दुकानदारानं कागदात गुंडाळली, बिल केलं, आणि हळूच खाली वाकून एक मलम काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाला, यासोबत हे बरेच जण नेतात.

संध्याकाळी काकूंचा डबा आला. सुरणाची भाजी, चिंच घालून, मिरची न घालता. मी बायकोला म्हटलं, जा, आणि नीट समजावून सांग की मूळव्याध नाही, माकडहाड आहे. आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत म्हणून तिनं त्यात थोडा कुंदा घातला, जाऊन आली. म्हटलं, सांगितलंस?

"सांगितलं की. म्हटलं, तुमच्या सुरणानं आता जरा बरं वाटतंय त्यांना."

भाजी चांगली झाली होती. उभ्यानं खाल्ली.