‘चिकित्सक’ यांना उत्तर: ‘नम्ब’ हा शब्द ओढूनताणून आणलेला नाही

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नको ते लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस थांबलो. पण डोक्यातून जात नाही, तेव्हा लिहितोच.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या आठवड्यात मी इंग्रजीतल्या ‘घेणे, काढून घेणे, हिरावणे’ या अर्थाच्या क्रियापदांवर लेख टाकला होता. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ला ‘निमन’ म्हणत. उत्तरेतून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘टेक’ने त्याची जागा घेतली आणि ‘निमन’ची खूण आजच्या ‘नम्ब’, म्हणजे बधिर, या शब्दात उरली, असं त्यात होतं. त्यावर ‘चिकित्सक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांचे आक्षेप असे: भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचं साल चुकलं, ‘लुटारूंनी इंग्रजीला घेणे हा शब्द दिला’ हे माझं वाक्य चटकदार पण दिशाभूल करणारं आहे, कारण शब्द लुटीतून नव्हे, वस्तीतून आणि शेजारातून आला, ‘लूट’ आपल्याकडून इंग्रजीत गेला याचा मी उगाच अभिमान बाळगला, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “नम्बचा निमनशी जोडलेला संबंध ओढूनताणून वाटतो, एकूणच लेख शब्दकोश चाळून जमवल्यासारखा झाला आहे.”

साल चुकलं, हे मान्य. मी १९०३ लिहिलं, ते क्रूकने संपादित केलेल्या नव्या आवृत्तीचं. यूल आणि बर्नेल यांचा मूळ कोश १८८६चा. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. चूक दाखवली तर मला राग येत नाही, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ते शेवटचं वाक्य. ‘चाळून’ हा शब्द तुम्ही किती सहज लिहिलात! चाळतात ते वर्तमानपत्र, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्याकडे मोठा ऑक्सफर्ड कोश नव्हता. तो होता जिल्ह्याच्या ठिकाणी एका ग्रंथालयात, १९७१ची दोन खंडांची आवृत्ती. मूळच्या चार पानांचं एक पान केलेलं, अक्षर मोहरीएवढंही नाही. खोक्याला वर एक छोटा खण, त्यात भिंग. महिन्यातून एका शनिवारी दुपारचं कॉलेज सुटलं की एस.टी. धरायची, साडेतीन तासांनी उतरायचं, रविवारी ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत भिंग एका हातात आणि पेन्सिल दुसऱ्या. एका क्रियापदासाठी कधी कधी दोन खेपा व्हायच्या. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. याला तुम्ही चाळणं म्हणता?

आणि मी हे का करायचो? अकरावीच्या वर्गात एक मुलगा होता. टेक-टुक-टेकन पाठ म्हणून झाल्यावर त्याने विचारलं, “सर, मग बेक-बुक का नाही?” वर्ग हसला. मलाही उत्तर येत नव्हतं, आणि “ते असंच असतं” म्हणून त्याला खाली बसवलं. ते मला फार लागलं. ‘टेक’ची ही चाल नॉर्समधून आलेली आहे, तिथेही ‘ताका’चा भूतकाळ ‘तोक’ होतो. इंग्रजीत घरचं ‘शेक-शुक-शेकन’ आधीच होतं, त्यामुळे पाहुणा बिनबोभाट त्याच ओळीत जाऊन बसला. ‘बेक’ची चाल एके काळी अशीच होती, ‘बोक’ हे त्याचं जुन्या इंग्रजीतलं भूतकाळी रूप. पुढे त्याने ती सोडली. हे उत्तर मला मिळालं तेव्हा तो मुलगा बारावी करून गाव सोडून गेला होता.

आता ‘ओढूनताणून’. नीट बघा. ‘निमन’चा भूतकाळ ‘नाम’ आणि ‘घेतलेला’ या अर्थाचं रूप ‘नुमेन’. त्यालाच ‘बे’ लागून ‘बेनिमन’, म्हणजे काढून घेणे, वंचित करणे. त्याचं रूप ‘बेनुमेन’. मधल्या काळातल्या इंग्रजीत शेवटचा भाग झिजला आणि ‘नोम’, ‘बेनोम’ असे शब्द राहिले: थंडीने किंवा वाताने ‘घेतलेला’ अवयव. तेच आजचे ‘नम्ब’ आणि ‘बिनम्ब’. शेवटचा ‘बी’ उच्चारात नाही, कारण तो मुळात नव्हताच. ‘थम्ब’लाही तो असाच मागून चिकटला. पुरावा हवा असेल तर ‘नमस्कल’ हा मठ्ठ माणसासाठीचा शब्द बघा. त्याच्या रूढ स्पेलिंगमध्ये आजही ‘बी’ नाही. यात ताणलं कुठे? प्रत्येक पायरी कागदावर आहे.

तुम्हाला अर्थाची उडी मोठी वाटली असेल, असं धरून चालतो. मग मराठीकडेच या. आपण ‘सुन्न’ म्हणतो. हात सुन्न झाला, बातमी ऐकून सुन्न झालो. हा ‘सुन्न’ म्हणजे ‘शून्य’. अवयवातलं सगळं काढून घेतलं की शून्य उरतं. इंग्रजाने ‘घेतलेला’ म्हटलं, आपण ‘रिकामा’ म्हटलं. अनुभव एकच.

आणि हा अनुभव मला पुस्तकातून आलेला नाही. सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताची नस दबली. पहाटे तीनला जाग यायची आणि अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट जागेवर नसायची. डोळ्यांना दिसायची, पण माझी नसायची. डाव्या हाताने उचलून पांघरुणावर ठेवायला लागायचं, एखादी वस्तू ठेवावी तसं. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटाच्या टोकावर काहीतरी टेकवून विचारलं, “सुई की कापूस?” मी म्हटलं, “काही टेकवलंय का?” त्यांनी केसपेपरवर ‘नम्बनेस’ लिहिलं. तो शब्द मी उलटा, टेबलाच्या या बाजूने वाचला आणि ‘बेनुमेन’ आठवलं. घेतलेला. कुणीतरी घेऊन गेलेला हात. माझ्यापुरता हा संबंध त्या दिवशी सिद्ध झाला. तुमची बोटं कधी अशी गेली नसतील, बरंच आहे. पण मग ‘ओढूनताणून’ म्हणण्याआधी थोडं थांबायचं होतं.

‘निमन’ एका रात्रीत मेलं नाही, हेही लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही माहीत नाही. ‘टेक’ इंग्रजी लिखाणात ११००च्या आसपास दिसायला लागतं. पुढची तीनेक शतकं दोन्ही नांदली आणि ‘निम’ मागे पडत गेलं. १६००च्या सुमाराला ते पुन्हा दिसतं ते चोरांच्या बोलीत, ‘लांबवणे’ या अर्थाने. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीच्या नाटकात निम नावाचा शिपाई आहे. तो आणि त्याचा जोडीदार कॅले गावात शेगडीतलं फावडं चोरतात, आणि पुढे दोघेही फाशी जातात. सगळ्या देशाचं ‘घेणे’ असलेला शब्द शेवटी एका भुरट्या चोराचं नाव होऊन बसला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ग्रंथालयात एकटाच होतो आणि कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं होतं. लेख लिहिला तो त्यासाठी.

‘बिरीव्ह’, म्हणजे हिरावून घेणे, याबद्दलही तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि माझ्या मते लेखातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद तोच होता. ‘रीव्ह’ म्हणजे लुटणे. ‘रॉब’ त्याचाच भाऊ, फक्त फ्रेंचांच्या घरून फिरून आलेला. ‘रोब’, म्हणजे झगा, तोही त्याच कुळातला, कारण लुटीत अंगावरचे कपडे आधी जायचे. ‘बिरीव्ह्ड’ आज फक्त ज्याचं माणूस गेलं त्याला म्हणतात. आपल्याकडे निधनाच्या जाहिरातीत काय छापतात? ‘क्रूर काळाने हिरावून नेले.’ माझी आई गेली तेव्हा मी स्वतः हेच वाक्य लिहून दिलं होतं, आणि लिहिताना हा इंग्रजी शब्द समोर उभा राहिला होता. असा परिच्छेद कोश चाळून येत नाही.

‘लूट’चं म्हणाल तर तो शब्द भारतातून गेला, एवढंच मी नोंदवलं. त्यात अभिमान तुम्ही घातलात. ‘एलिमिनेट’ का घेतला नाही, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. तो लॅटिनमधला, मूळ अर्थ उंबरठ्याबाहेर काढणे. सुंदर शब्द आहे, पण लेखाला कुठेतरी थांबावं लागतं.

राहिला लुटारूंचा मुद्दा. नॉर्स लोक पुढे इंग्लंडात वसले, शेती केली, लग्नं केली आणि ‘सिस्टर’, ‘एग’, ‘विंडो’ असे घरातले शब्द देऊन गेले, हे मला माहीत नाही असं तुम्ही धरून चाललात. माहीत आहे. पण ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ त्यांनी लुटला, आणि ९९१ साली इंग्रजांनी त्यांना दहा हजार पौंड मोजून परत पाठवलं, हेही खरंच आहे ना? गॉथिक या इंग्रजीच्या कुळातल्या जुन्या भाषेत ‘टेक’चा जो भाऊबंद आहे, त्याचा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा होता, आणि आपणही ‘पैशाला हात कुणी लावला’ असंच विचारतो. त्यावर वेगळं लिहायचा विचार आहे, आता इथे वाढवत नाही.

तुम्ही टोपणनावाने लिहिता, मी स्वतःच्या नावाने लिहितो, म्हणून माझ्यावर जबाबदारी जास्त आहे हे मी मानतो. अकरा वह्यांपैकी ‘एन’ची वही उघडून पानांचे फोटो उद्या लेखाखाली लावतो. पेन्सिलीचं आहे, फिकट झालंय, पण वाचता येईल. साल बदललं आहे. लुटारूंचं वाक्य आहे तसंच राहील.